संध्याकाळी पावणेआठ ते साडेदहा: माझा हात डब्यातून बाहेर कसा काढू?

खिडकीची_जागा · सोमवार, रात्री ११.१०

दिवसभर मी शहाण्यासारखी वागते. पहाटे पावणेपाचला उठते, सकाळी एक पोळी आणि चहा, दुपारच्या डब्यात तीनऐवजी दोनच पोळ्या आणि भाजी, भात बंद. ऑफिसात कुणाचा वाढदिवस असला तर केकचा तुकडा टिश्यूत गुंडाळून मुलासाठी घरी नेते. हे सगळं संध्याकाळी पावणेआठपर्यंत. त्यानंतर जे होतं ते लिहायला लाज वाटते, पण इथे नाव खोटं आहे म्हणून लिहिते.

आधी आकडे देऊन टाकते, म्हणजे कुणी विचारायला नको. वय ४६, उंची १५७ सेंमी, वजन ७४.६ किलो. गेल्या महिन्यात एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.१ आली. डॉक्टर म्हणाल्या, गोळी नको एवढ्यात, पाच-सहा किलो उतरवा आणि तीन महिन्यांनी परत या. राहते बदलापूरला, ऑफिस फोर्टात.

सव्वासहाच्या सुमारास सीएसएमटीहून बदलापूर लोकल. बसायला मिळालं तर मिळालं, नाहीतर घाटकोपरपर्यंत उभी आणि मग चौथी सीट, म्हणजे तिघींच्या बाकाच्या कडेला टेकायचं. आठजणींचा ग्रुप आहे आमचा, सोळा वर्षांचा. गवार निवडता निवडता चकलीचा डबा फिरतो. तिथे मी अजून शहाणी असते, एखादी चकली नाहीतर चिक्कीचा तुकडा, बास. कल्याण सुटलं की मात्र पोटात खड्डा पडतो. विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ ही तीन स्टेशनं कल्याणपर्यंतच्या सगळ्या प्रवासापेक्षा लांब वाटतात.

पावणेआठला घरात. पर्स खांद्यावरच, एक चप्पल पायात, आणि हात फरसाणाच्या डब्यात. मी खाते असंही म्हणता येणार नाही, हातच खातो. मग चहा, चहाबरोबर खारी. साडेआठला ओट्याशी उभी राहिले की भाजीचं मीठ बघायला तीनदा चमचा, पहिली पोळी तूप लावून तिथेच, कुटासाठी काढलेले दाणे मूठभर. साडेनऊला पानावर बसते तेव्हा भूक नसतेच, पण सगळ्यांबरोबर बसायचं म्हणून परत जेवते. साडेदहाला भांडी झाली, ओटा पुसला, बाबा (सासरे) झोपले, मुलगा दार लावून अभ्यासाला बसला की मी सोफ्यावर आणि मांडीवर वाटी. लाडू असला तर लाडू, नाहीतर गूळदाणे, नाहीतर बोर्नव्हिटा चमच्याने. कोरडा.

काय काय करून बघितलं तेही सांगते. फरसाणाचा डबा माळ्यावर ठेवला, रात्री दहाला गाऊनमध्ये स्टुलावर चढून काढला. आठलाच दात घासले, मग फरसाणाला पेपरमिंटची चव आली, पण खाल्लं. गरम पाणी प्यायले. मखाणे भाजून ठेवले, तर आधी मखाणे खाल्ले आणि मग फरसाण.

ही भूक आहे की सवय? आणि जे काही असेल ते थांबवायचं कसं? 'मन खंबीर करा' लिहिणाऱ्यांना आधीच नमस्कार.

---

शिंगाडा · मंगळवार, सकाळी ७.४०

सोपं आहे. फरसाण घरात आणूच नका. डबा नाही तर हात जाणार कुठे? मी एकटा राहतो, फ्रीजमध्ये अंडी आणि काकडी एवढंच. सहा किलो उतरलं.

---

खिडकीची_जागा · मंगळवार, सकाळी ८.०५

'एकटा राहतो' वाचलं आणि हेवा वाटला. आमच्याकडे बाबांना पाचच्या चहाबरोबर शेव लागते, वय ७८, त्यांच्या तोंडची शेव मी काढणार नाही. नवऱ्याला पोह्यांवर लागते. मुलगा सतरा वर्षांचा, दिसेल ते खातो आणि तरी कपडे हँगरवर टांगल्यासारखे दिसतात. माझ्या साखरेसाठी चौघांचं घर उपाशी ठेवू का?

---

शिंगाडा · मंगळवार, सकाळी ८.२०

बरं, मग निदान काचेची बरणी असेल तर स्टीलच्या डब्यात भरा. दिसलं नाही की आठवत नाही.

---

खिडकीची_जागा · मंगळवार, सकाळी ८.२२

स्टीलचाच आहे. झाकणाच्या आवाजावरून मुलगा आतल्या खोलीतून ओरडतो, "आई, परत?"

---

दोनवेळा · मंगळवार, सकाळी १०.१५

ताई, दीक्षित सरांची पद्धत करा. दिवसातून दोनदाच जेवायचं, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत संपवायचं, मध्ये फक्त पाणी, पातळ ताक, बिनसाखरेचा काळा चहा. मूळ कल्पना डॉ. जिचकारांची. मी आठ महिन्यांत अकरा किलो कमी केले. सतत तोंड चालवलं की इन्सुलिन सतत वर राहतं, हे एकदा पटलं की फरसाणाकडे बघावंसंच वाटत नाही.

---

खिडकीची_जागा · मंगळवार, दुपारी १.१०

अकरा किलोंबद्दल मनापासून अभिनंदन. एकच विचारते, राग मानू नका. तुम्हाला ताट वाढून मिळतं का? मी सव्वाआठ ते सव्वानऊ कढईसमोर उभी असते. तुम्ही फरसाणाकडे बघत नाही, मला फोडणीकडे बघावंच लागतं.

---

दोनवेळा · मंगळवार, दुपारी १.४५

मिळतं. हा विचार केला नव्हता. मागे घेत नाही, पण बाजूला ठेवतो.

---

माजघर · मंगळवार, रात्री ९.३०

मी बावीस वर्षं टिटवाळा-दादर केलंय, त्यामुळे तुझं कल्याणनंतरचं पोट मला न सांगता कळलं. ताई वगैरे म्हणत नाही, मी साठीची आहे.

आधी तास मोज. दुपारचा डबा कितीला खातेस? एक धरू. जेवण साडेनऊला. साडेआठ तास. एवढ्या वेळात पोटात एक चकली आणि ऑफिसचा चहा, आणि याला तू शहाणपणा म्हणतेस! लहान मुलाला कुणी असं ठेवलं तर आपण त्याच्या आईला बोलू. दुपारी दोन पोळ्या आणि दुधीची भाजी खाल्लीस तेव्हाच संध्याकाळचं फरसाण ठरलं. पावणेआठला तू त्याच्याशी भांडायला जातेस, पण भांडण एक वाजताच हरलेली असतेस.

मी काय केलं ते सांगते, तुला जमेल तेवढं घे. दुपारच्या डब्यात पोळ्या दोनच ठेव हवं तर, पण भाजीच्या जोडीला रोज मोठी वाटी उसळ. मटकी, मूग, चवळी, काळे वाटाणे, रविवारी दोन प्रकार मोड आणून फ्रीजमध्ये टाकायचे. आणि दुसरा डबा. छोटा, कानातल्यांच्या डबीसारखा नव्हे, खरोखरीचा. तो ऑफिसमधून निघायच्या आधी, पावणेसहाला, खुर्चीत बसून संपवायचा. 'गाडीत खाईन' म्हणालीस तर खाणार नाहीस. उभं राहायला जागा नसते तिथे, नाहीतर ग्रुपमध्ये वाटून टाकशील आणि बदल्यात चकली घेशील. माझ्या डब्यात काय असायचं? दोन उकडलेली अंडी (गुरुवारी आणि चतुर्थीला फुटाणे आणि एक केळं), नाहीतर घट्ट दह्यात कालवलेली काकडी-गाजर आणि वर दाण्याचं कूट, नाहीतर दुपारचीच उसळ, कांदा-लिंबू घालून. लोकांना वाटायचं ही बाई दोनदा जेवते. जेवत होतेच.

फरसाण बंद नको करूस. वाटीत काढ, बसून खा. उभ्याने खाल्लेलं मोजायचं नाही, हा आपल्या बायकांचा जुना हिशेब आहे, त्याने कुणाचं वजन उतरलेलं मी बघितलं नाही. आणि एक दिवस गंमत म्हणून डब्यात हात घालशील तेव्हा मूठ तोंडात न घालता काट्यावर ओत. स्वयंपाकघरातला काटा नसेल तर ओळखीच्या वाण्याकडे जा, हसेल, हसू दे.

---

स्टेथो · मंगळवार, रात्री ११.५०

डॉक्टर आहे, पण तुमचा नाही, त्यामुळे औषधाबद्दल काही बोलणार नाही. माजघर यांनी अर्ध्याहून जास्त काम केलंच आहे.

'भूक की सवय' याला उत्तर: दोन्ही, आणि एक तिसरी गोष्ट. संध्याकाळी भूक वाढणं हे शरीराच्या घड्याळातच आहे. २०१३ मध्ये अमेरिकेत एक छोटा प्रयोग झाला, बाराच माणसं, पण नीट केलेला. त्यांना मंद उजेडात ठेवलं, त्यांचा 'दिवस' वीस तासांचा केला, म्हणजे जेवण-झोप आणि आतलं घड्याळ यांची फारकत झाली. तरीही भूक सर्वांत कमी सकाळी आठच्या आसपास आणि सर्वांत जास्त रात्री आठच्या आसपास लागत होती, आणि ओढ गोड, खारट, पिष्टमय पदार्थांची. तुम्ही पावणेआठला दार उघडता. फरसाणाचा डबा त्या वेळेला समोर येणं हा निव्वळ दुर्दैवी योग आहे, चारित्र्याचा दोष नाही.

तिसरी गोष्ट झोप. पावणेपाचला उठता आणि सव्वाअकराला इथे लिहिताय. साडेपाच तासही होत नाहीत. २००४ मध्ये शिकागोत तरुणांना दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं होतं, तर भूक वाढवणारं घ्रेलिन वाढलं, पोट भरल्याचं सांगणारं लेप्टिन घटलं, आणि त्यांनाही गोड-खारट हवंसं वाटू लागलं. तुमचं हे वर्षानुवर्षं चालू आहे. सेहेचाळिशीत पाळीच्या बदलांमुळे झोप आणखी विस्कटते, ते वेगळंच.

आता धीर येईल असं थोडं. भारतीय बांध्यासाठी बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २३ च्या वर जास्त वजन आणि २५ च्या वर लठ्ठपणा धरतात, तुमचा ३० येतो. एचबीएवनसी ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, अजून आत नाही. उंबरठ्यावरच्या तीन हजारांवर लोकांचा अमेरिकेत मोठा अभ्यास झाला, २००२ मध्ये निकाल आला. वजन सात टक्के उतरवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालणं एवढंच उद्दिष्ट ठेवलेल्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी होतं. तुमचे सात टक्के म्हणजे सव्वापाच किलो. तुमच्या डॉक्टरांनी पाच-सहा म्हटलं ते हवेतून नाही. ५५ किलोचं स्वप्न बघू नका, ६९ चं बघा.

चहात साखर किती? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये जी आहार-मार्गदर्शिका काढली तिच्या हिशेबाने वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत असावी. म्हणजे पाच चहाचे चमचे, सगळं मिळून.

---

ताक_नाना · बुधवार, सकाळी ६.१५

मिरजेहून लिहितो. वय ६९, मधुमेह चौदा वर्षांचा. प्रश्नकर्त्या ताईंना गोळ्या चालू नाहीत असं दिसतं, तेव्हा हे त्यांच्यासाठी नाही, पण धागा वाचणाऱ्या इतरांसाठी लिहून ठेवतो.

मलाही संध्याकाळी सहाला अशीच भूक यायची. हात थरथरायचे, घाम फुटायचा. मी आपलं भडंग समोर ओढायचो. आमच्याकडे भडंग म्हणजे औषधच, सर्व रोगांवर. मुलगी म्हणाली, दादा, एकदा मशीन लावून बघा. ६२ निघाली साखर. सत्तरच्या खाली म्हणजे भूक नव्हे, साखर उतरलेली. सकाळच्या गोळीचा प्रताप. डॉक्टरांनी गोळी बदलली आणि सहाची ती राक्षसी भूक गेली. भडंग मात्र अजून आहे, वाटीने. गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी जेवणाच्या वेळा स्वतःच्या मनाने लांबवू नयेत. दोनवेळा जेवणाऱ्या साहेबांनीही हे लक्षात घ्यावं, कारण तुमचं ऐकून कुणीतरी करतो.

---

दोनवेळा · बुधवार, सकाळी ९.००

नाना, बरोबर. गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा, हे मी वरच लिहायला हवं होतं.

---

खिडकीची_जागा · शनिवार, रात्री १०.५०

सगळ्यांना एकत्र लिहिते. माजघर मावशी (चालेल ना?), तुमचं वाचून मी गाडीत रडले. चौथ्या सीटवर. शेजारणीने विचारलं काय झालं, म्हटलं काळे वाटाणे.

काटा मागवला. गुरुवारी घरात आल्यावर नेहमीसारखा हात घातला आणि मूठ काट्यावर ओतली. २३ ग्रॅम. परत मूठ, २१. परत, २२. मी तीनदा हात घालते हे मला माहीतच नव्हतं, मला वाटायचं एकदा, फार तर दोनदा. ६६ ग्रॅम. पाकिटावर १०० ग्रॅमला ५५० कॅलरी लिहिलंय. साडेतीनशेच्या वर झाल्या, चप्पल काढायच्या आत. दुपारी डब्यातून एक पोळी काढून मी शंभरेक वाचवत होते.

मूठ काट्यावर पडली तेव्हा मुलगा मागे उभा होता. "लॅबमध्ये पण असंच करतात," म्हणाला, आणि तिन्ही मुठी त्यानेच खाल्ल्या.

चहाचंही मोजलं. तीन कप, प्रत्येकी दोन चमचे. काट्यावर तीस ग्रॅम भरली साखर. दीड चमच्यावर आणलाय, एकदम बिनसाखरेचा प्यायले तर मला नोकरीच सोडावीशी वाटेल.

दुसरा डबा सोमवारपासून.

---

माजघर · रविवार, सकाळी ८.१५

मावशी चालेल. काळ्या वाटाण्यावर रडलेली तू पहिलीच.

दुसऱ्या डब्यात पहिल्या आठवड्यात पथ्याचं काही घालू नकोस. आवडीचं घाल. आधी पावणेसहाला खायची सवय लागू दे, मग आतलं बदल.

---

खिडकीची_जागा · चौथ्या आठवड्यात, बुधवार, रात्री १०.१०

तीन आठवडे झाले, हिशेब देते. वजन ७३.५. फार नाही, पण काटा खाली सरकलाय.

काय जमलं: दुसरा डबा. पहिले दोन दिवस ऑफिसात संकोच वाटला. सगळे सामान आवरत असतात आणि मी डबा उघडून बसलेली, वर लसणीच्या फोडणीचा वास. तिसऱ्या दिवशी पलीकडच्या टेबलावरचे सर म्हणाले, मटकी का? मी वाटी पुढे केली. आता ते स्वतःचे फुटाणे आणतात. मंगळवारी आणि शुक्रवारी अंडी, गुरुवारी दही-काकडी, बाकी उसळ. कल्याणनंतरचा खड्डा गेला म्हणणार नाही, पण आता तो खड्डा आहे, पूर्वी विहीर होती. काल अंबरनाथ कधी गेलं कळलंच नाही, खिडकीला डोकं टेकून झोपले होते. ग्रुपने हलवून उठवलं.

ग्रुपमध्ये सांगून टाकलं. मला वाटलं चकलीचा डबा माझ्यापुढून जाणं बंद होईल. छे. डबा तसाच फिरतो, फक्त आता सगळ्या माझ्याकडे बघून म्हणतात, "तू घेऊ नकोस हां," आणि त्यामुळे जास्तच घ्यावीशी वाटते. एकजण मात्र डाळिंब आणायला लागली. घाटकोपर ते ठाणे सोलते, कल्याणला वाटते. गवार निवडायला दुसरी धरलीय.

फरसाण आता वाटीत. एक वाटी, स्टीलची, आमटीची नव्हे, लोणच्याची. १८ ग्रॅम मावतं, मोजलंय. बाबांशेजारी बसून खाते. यातून एक वेगळंच झालं. बाबा पाचला चहा घ्यायचे ते आता माझ्यासाठी पावणेआठपर्यंत अर्धा कप राखून ठेवतात. दहा मिनिटं बसतो. पाणी कधी आलं, समोरच्या बिल्डिंगमध्ये कोण भांडलं, सगळं कळतं. उभ्याने खात होते तेव्हा हा माणूस त्याच खोलीत बसलेला असायचा आणि मी त्यांच्याकडे पाठ करून डब्याचं झाकण वाजवत असायचे.

पहिली पोळी ओट्याशी खाणं थांबलेलं नाही. तूप कमी केलं, एवढंच. गरम पोळी समोर फुगते आणि आपण बघत बसायचं, हे मला पटतच नाही.

मीठ बघायला चमचा एकदाच. दाणे कुटायचं काम रविवारी, आठवड्याचं एकदम, बरणी भरून.

आता जे जमलं नाही ते. साडेदहाची वाटी. पावणेसहाचा डबा झाला, जेवण झालं, पोट भरलेलं असतं, तरी साडेदहाला सोफ्यावर बसते आणि वाटी हवीच असते. परवा मुद्दाम थांबून स्वतःला विचारलं, बाई गं, भूक आहे का? नाही. गोड हवंय का? तसंही नाही. मग लक्षात आलं, साडेदहा ते सव्वाअकरा एवढाच वेळ मला कुणी हाक मारत नाही. वाटी संपली की उठायचं, पावणेपाचचा गजर लावायचा, झोपायचं, की लगेच पहाट. वाटी संपू नये म्हणून मी ती परत भरते. स्टेथो, तुमची झोपेची गोष्ट समजते मला. पण झोपायला गेले की दिवसातलं माझं असं काही उरतच नाही हो.

---

स्टेथो · चौथ्या आठवड्यात, गुरुवार, सकाळी ७.०५

हे मला कुठल्याच पेशंटने इतकं सरळ सांगितलेलं नाही. तीन आठवड्यांत किलोवर वजन गेलंय, घाई करू नका. साडेदहाच्या वाटीवर माझ्याकडे औषध नाही. कंबर मोजून ठेवा, बायकांची ८० सेंमीच्या वर नको, ती काट्याच्या आधी बोलते कधीकधी.

---

माजघर · चौथ्या आठवड्यात, गुरुवार, दुपारी ३.४०

वाटीला हात लावू नकोस. त्या पाऊण तासाला लाव. तो तुझाच आहे, पण दिवसाच्या शेवटी का? भांडी कोण घासतं? ओटा कोण पुसतं? नवरा आणि सतरा वर्षांचा हँगर साडेनऊला जेवून उठतात तेव्हा कुठे जातात? तुझे साडेदहा जर पावणेदहाला आले, तर पाऊण तास तुझाही आणि साडेदहाला झोपही. मी हे पन्नाशीत केलं. पहिला महिनाभर कढईला तेलकट थर होता. डोळे मिटून घेतले.

---

शिंगाडा · चौथ्या आठवड्यात, गुरुवार, सायंकाळी ५.१५

मी एकटा राहतो, भांडी मीच घासतो, तेलकट थर माझ्याही कढईला आहे. मुलाला म्हणावं आधी गरम पाणी ओतून ठेव.

---

खिडकीची_जागा · पाचव्या आठवड्यात, रविवार, रात्री १०.०५

शुक्रवारी जेवणं झाल्यावर मी तशीच सोफ्यावर जाऊन बसले. कुणाला काही म्हटलं नाही. पाच मिनिटांनी नवरा आला, "बरं नाही का?" म्हटलं, बरी आहे, बसलेय. तो जरा वेळ उभा राहिला, मग आत गेला. नळाचा आवाज आला. मग दोघांचं भांडण, स्क्रबर कुठला भांड्यांचा आणि कुठला ओट्याचा. ऐकताना फार बरं वाटलं.

शनिवारी मुलाने भांडी घासली. गरम पाणी ओतून ठेवलं होतं, शिंगाडा यांचे आभार. बोर्नव्हिटाच्या बरणीत त्याला माझा चमचा सापडला. तो घासून, पुसून, परत बरणीतच ठेवला आहे.

कंबर ९३. आता आडवी होते. आज वाटीत काय होतं ते सांगते, अर्धा लाडू. उरलेला अर्धा डब्यात आहे, मला माहीत आहे कुठल्या.